कॅसेट बसली म्हणून जोडी जमत नाही

हा रिव्ह्यू खरं तर एका वायरचा आहे. साडेपाचशे येनला घेतलेली, राखाडी, एका टोकाला जांभळी पिन, दुसऱ्या टोकाला राखाडी पिन आणि मध्ये एक चपटी डबी. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची मूळ लिंक केबल, निन्टेन्डोची. म्हणजे हातातली दोन गेम मशीन एकमेकांना जोडायची वायर. ती मी आधी घेतली असती तर नंतरची निम्मी खरेदी झाली नसती. पण आपण आधी मशीन बघतो, मग कॅसेट बघतो, आणि वायरकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी, मुलं तोंड वासून बसलेली असताना.

मी मूळची सांगलीची. आमच्या लहानपणी हातातला व्हिडिओ गेम म्हणजे ब्रिक गेम. वर ‘९९९९ इन १’ छापलेलं, आत खेळ मोजून पाच-सहा, तेच वेग बदलून पुन्हा पुन्हा. मे महिन्यात आजोळी आम्ही सहा भावंडं आणि ब्रिक गेम एक. सेल भिंतीवरच्या घड्याळातले. नियम एकच, आऊट झालास की दे. जो खेळतोय तो सोडून बाकी पाच जण त्याच्या खांद्यावरून वाकून त्याच्या मरणाची वाट बघायचे. दोघांनी दोन मशीनवर एकाच वेळी, एकमेकांविरुद्ध खेळायची सोय जपानमध्ये १९८९ सालच्या पहिल्या गेम बॉयपासूनच होती, हे मला कळलं ते चाळिशीत, तोक्योच्या निशी-कासाईला राहायला आल्यावर.

इथे जुन्या वस्तूंच्या दुकानात ‘जंक’ नावाचा एक कोपरा असतो. प्लास्टिकचे क्रेट, त्यात गुंतवळासारख्या वायरी, रिमोट, बटणं पिवळी पडलेले गेम. चालतंय की नाही हे दुकानदाराने तपासलेलं नसतं, परत घेणार नाही असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं आणि काउंटरवरची मुलगी तेच पुन्हा एकदा तोंडी, कमरेत वाकून सांगते. त्यामुळे भांडायला जागाच राहत नाही. दर शनिवारी भाजीला म्हणून बाहेर पडायचं आणि एखादं मशीन घेऊन यायचं, असं तीन महिने चाललं. गेम बॉय कलर अडीच हजार येन. पहिला, आडवा अ‍ॅडव्हान्स तीन हजार. घडीचा एसपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्सचंच दुमडतं रूप, साडेचार हजार. पांढरा डीएस लाइट, म्हणजे गेम बॉयच्या पुढच्या पिढीतला, बिजागरीला तडा गेलेला, म्हणून फक्त बाराशे. कलरच्या सेलच्या जागी पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. व्हिनेगर, कान साफ करायच्या काड्या आणि अर्धा तास, एवढ्यात तो सुरू झाला. कॅसेटच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, तोंडातली वाफ त्या पट्ट्यांना चांगली नाही. हे माझ्या सईला दहा वेळा सांगितलं, तरी ती फुंकतेच.

चार मशीन झाली. मे महिन्यात ताईचा पार्थ सांगलीहून येणार होता. माझी सई, ओम, पार्थ आणि मी, असे चौघं. कॅसेट होती गाड्यांच्या शर्यतीची, ‘मारिओ कार्ट अ‍ॅडव्हान्स’, २००१ सालची. बाहेरच्या देशांत तिला ‘सुपर सर्किट’ म्हणतात. एकच कॅसेट असली तरी चौघांना खेळता येतं, हे मी वाचून ठेवलं होतं. चार मशीन, एक कॅसेट, चार खेळाडू. फोनवर पार्थला तसा शब्दही दिला.

पार्थ आला, भडंगाची पाकिटं फुटली, मुलं गोल करून बसली. मी कॅसेट डीएस लाइटच्या पोटात घातली, मोठी स्क्रीन म्हणून. डीएस लाइटमध्ये अ‍ॅडव्हान्सची कॅसेट पूर्ण आत जात नाही, कडेने थोडी बाहेर राहते, पण चालते मात्र झकास. मारिओचं चित्र आलं, गाणं आलं. मेनूत ‘अनेक खेळाडू’ असा पर्यायसुद्धा आला. मग मी केबल उचलली आणि डीएस उलटा केला, आडवा केला, पुन्हा उलटा केला. पार्थ शांतपणे म्हणाला, “मावशी, याला भोकच नाही की गं.”

नव्हतंच. २००४ साली डीएस आला तेव्हा निन्टेन्डोने अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटसाठी खाच ठेवली, पण लिंक केबलचं सॉकेट काढून टाकलं. म्हणजे खेळ तोच, मेनू तोच, पण एकट्यानेच खेळायचं. नवीन मशीन जुनी कॅसेट चालवतं, यावरून ते जुन्या मशीनशी बोलूही शकेल असं आपण गृहीत धरतो. या दोन गोष्टी पार वेगळ्या आहेत, आणि दुकानातल्या चिठ्ठीवर फक्त पहिलीच लिहिलेली असते.

कलरचा प्रकार त्याहून सोपा होता. अ‍ॅडव्हान्सची कॅसेट त्यात चालत नाही हे मला कळायला हवं होतं, पण नाव दोघांचंही गेम बॉय, त्यात मी फसले. केबलची पिनसुद्धा कलरमध्ये शिरेना. ओम जोर लावायला लागला तेव्हा त्याच्या हातातून काढून घेतली. ती न शिरणं मुद्दाम केलेलं आहे. अ‍ॅडव्हान्सच्या पिनेची ठेवण अशी की ती जुन्या मशीनमध्ये जाऊच नये, आणि कलरची केबल मात्र अ‍ॅडव्हान्समध्ये अलगद बसते. असं का, ते मला नंतर उमगलं. चौघांपैकी दोघं खेळले, दोघं खांद्यावरून वाकून बसले. आजोळच झालं की परत.

दुसऱ्या दिवशी इरेला पेटून मी जंकच्या क्रेटमधून कलरच्या काळातली केबल शोधून काढली, तीनशे तीस येनला, आणि ठोकळ्यांच्या ‘टेट्रिस’च्या दोन कॅसेट. टेट्रिसला एक कॅसेट पुरत नाही, दोघांना दोन लागतात. एक कॅसेट कलरमध्ये, दुसरी एसपीमध्ये, मध्ये कलरची केबल. अ‍ॅडव्हान्सच्या खाचेत एक छोटा स्विच असतो. जुन्या कॅसेटचा आकार वेगळा, ती आत सरकली की तो स्विच दाबला जातो आणि मशीन जुन्या अवतारात जागं होतं. जुन्या खेळांसाठीचा प्रोसेसर आत वेगळा दिलेलाच आहे. म्हणजे टेट्रिस घातली की एसपी हा जवळपास कलरच होऊन बसतो, म्हणून त्याला केबलही कलरचीच लागते. जांभळ्या पिनेच्या केबलवर हे जमत नाही. डीएसमध्ये तो जुना प्रोसेसर नाही, त्यामुळे तिथे टेट्रिसची कॅसेट घालायचा प्रश्नच येत नाही.

आणि काय खेळ झाला सांगू! १९८९ सालची कॅसेट, १९९८ सालचा कलर, २००३ सालचा एसपी, तिघं एका वायरीवर. एका बाजूला मारिओ, दुसऱ्या बाजूला लुईजी. तुम्ही एकदम चार ओळी फोडल्या की समोरच्याच्या तळातून ओळी वर ढकलल्या जातात. पार्थ वाट बघत बसायचा, उभी काठी आली की एका कडेने खाली सोडायचा, आणि सईच्या स्क्रीनवर अख्खी इमारत फूटभर वर उचलली जायची. सई किंचाळायची. खालच्या मजल्यावरच्या आजींना दोनदा लिफ्टमध्ये ‘सुमिमासेन’, माफ करा, म्हणाले. पहिल्या तीन फेऱ्या जो जिंकेल तो डाव त्याचा.

एक अडचण आहे. कलरच्या स्क्रीनला दिवा नाही. एसपीवाला पांघरुणात शिरून खेळतो आणि कलरवाल्याला टेबललॅम्पखाली मान वाकडी करून बसावं लागतं. हरलं की दोष लॅम्पचा. एसपीवर जुना खेळ मधल्या चौकोनात छोटा दिसतो. कडेची बटणं दाबली तर तो रुंद होतो, पण टेट्रिसचे चौकोन आडवे पसरतात, जाड माणसासारखे. आम्ही छोटाच ठेवला.

हीच केबल पहिल्या, विटेएवढ्या गेम बॉयमध्ये मात्र बसत नाही. त्याचं सॉकेट मोठं आहे. १९९६ च्या गेम बॉय पॉकेटपासून ते लहान झालं. मधली जोडणी मिळते, पण मला ती कुठल्याच क्रेटमध्ये सापडली नाही आणि काचेच्या कपाटातली किंमत बघून मी नमस्कार केला. २००५ सालचा इवलासा गेम बॉय मायक्रोही त्याच कपाटात होता. दिसायला इतका गोड की हात पुढे गेलाच होता. पण त्यात कलरच्या काळातल्या कॅसेट चालत नाहीत आणि त्याचं सॉकेट आणखीनच बारीक, म्हणजे पुन्हा वेगळी केबल. ठेवून दिला.

चौघांचा शब्द दिला होता, तो पाळायचा होता. त्यासाठी चार अ‍ॅडव्हान्स हवेत आणि केबल तीन. आणखी एक एसपी आणि एक आडवा अ‍ॅडव्हान्स मिळाला, पण मूळ केबल त्या दुकानात एकच होती, ती माझ्याकडेच होती. म्हणून दोन नव्या, बिनकंपनीच्या केबल ऑनलाइन मागवल्या. पाकिटावर कलर, अ‍ॅडव्हान्स, एसपी अशी सगळी नावं छापलेली. बघताक्षणी कळलं की पैसे पाण्यात गेले, कारण वायरीच्या मध्ये ती डबी नव्हती. नुसती इकडून तिकडे वायर. दोघांसाठी ठीक, पण तिसरा माणूस जोडायचा कुठे? शिवाय पिन सैल. ओम हसला की पोट हलायचं, पोट हललं की मशीन हलायचं, आणि तेवढ्यावर शर्यत बंद. मूळ केबलची पिन बसताना टक् असा आवाज होतो आणि मग ती कुणाच्या बापाला हलत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या वस्तूचं हे असं, आणि महिन्यापूर्वी बनलेल्या वस्तूचं ते तसं.

मध्ये एक मोह झाला तो वायरलेस अ‍ॅडॉप्टरचा. २००४ साली पोकेमॉनच्या ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’बरोबर आलेली ती डबी, वर चिमटवायची. वायरीचं झंझटच नको, म्हटलं. पण ज्या खेळात तिची सोय केली आहे त्याच खेळाला ती चालते, आणि आमची मारिओ कार्ट तिच्या आधीची. वाचले.

शेवटी कासाई, फुनाबोरी, ग्योतोकु अशी तीन ठिकाणची दुकानं पालथी घातल्यावर आणखी दोन मूळ केबल मिळाल्या. जोडायची पद्धत अशी. पहिल्या केबलची जांभळी पिन पहिल्या मशीनमध्ये, राखाडी दुसऱ्यात. दुसऱ्या केबलची जांभळी पिन पहिल्या केबलच्या डबीत, राखाडी तिसऱ्या मशीनमध्ये. तिसरीचंही तसंच. ज्याच्या मशीनमध्ये थेट जांभळी पिन, तो एक नंबरचा खेळाडू, आणि एकाच कॅसेटवर खेळायचं असेल तर कॅसेट त्याच्याकडेच. बाकीच्यांनी रिकामं मशीन चालू करून गप्प बसायचं. खेळाचा तुकडा वायरीतून त्यांच्याकडे येतो, मशीन बंद केलं की पुसला जातो. दुसरी एखादी कॅसेट आत राहिली असेल तर काढत बसू नका. स्टार्ट आणि सिलेक्ट दोन्ही दाबून धरून मशीन चालू करा, ते कॅसेटकडे दुर्लक्ष करतं.

आता एका कॅसेटची गंमत. चौघांच्याही गाडीत योशीच बसतो. मारिओ नाही, पीच नाही, कुणी नाही. चार रंगांचे चार योशी, आणि रस्तेही फक्त चार, सुपर फॅमिकॉन या टीव्हीला जोडायच्या जुन्या मशीनच्या जमान्यातले. चौघांकडे चार कॅसेट असतील तर सगळं उघडतं. आधी मुलांनी नाकं मुरडली. मग रंगांवरून भांडणं लागली, म्हणजे खेळ रुळावर आला. चौघं जमिनीवर, मध्ये वायरींचं कोळ्याचं जाळं, मध्येच भडंगाची वाटी, आणि बटणं तेलकट. पाणी प्यायलाही कुणी उठायचं नाही, कारण उठलं की वायर ओढली जाणार आणि चौघांचीही शर्यत मोडणार. घरात इतका वेळ चार माणसं हात-दीड हात अंतरावर बसलेली मी लग्नाच्या पंगतीनंतर पहिल्यांदा बघितली. ओमला कुणीतरी शेवटच्या वळणावर लाल कवच मारलं. कुणी, ते मी सांगणार नाही.

बिचाऱ्या डीएस लाइटला मी त्या दिवशी बरंच बोलले, ते मागे घेते. अ‍ॅडव्हान्सशी त्याचं जमत नाही, पण त्याच्या पुढच्या पिढीशी तो फार सज्जनपणे वागतो. मी नंतर अकरा हजाराला न्यू टूडीएस एलएल घेतला (ही सगळ्यात महाग खरेदी, नवऱ्याला ‘सईचा वाढदिवस’ म्हणून सांगितली). तो थ्रीडीएसच्या कुळातला, तरी डीएसच्या कॅसेट घेतो आणि त्या खेळांपुरता जुन्या डीएसशी सरळ वायरलेसवर बोलतो. घरचं वायफाय, पासवर्ड, काही लागत नाही. २००५ च्या ‘मारिओ कार्ट डीएस’ची एकच कॅसेट टूडीएसमध्ये घातली, डीएस लाइटवर डाउनलोड प्ले (दुसऱ्याच्या कॅसेटवरून खेळ घ्यायची सोय) उघडलं, दोन मिनिटांत दोघं रस्त्यावर. आठ जणांपर्यंत खेळता येतं. इथे कॅसेट नसलेल्या पाहुण्याला योशी नाही, मुखवटेवाला हेहो मिळतो, आणि तो या खेळात फक्त पाहुण्यांनाच मिळतो. उलट बाजूनेही जमतं. कॅसेट डीएसमध्ये असली आणि टूडीएसवर घ्यायचं असलं तर डाउनलोड प्लेमध्ये ‘डीएस’ हा पर्याय निवडायचा. पार्थने चुकून दुसरा निवडला आणि दहा मिनिटं काहीच सापडत नाही म्हणून मशीनलाच शिव्या घातल्या. ‘मारिओ कार्ट ७’ मात्र फक्त थ्रीडीएसवाल्यांची, डीएसने दारातच थांबायचं.

इंटरनेटवरून खेळण्याचा विषय इथे काढूच नका. डीएसच्या खेळांची ऑनलाइन सेवा २०१४ च्या मे महिन्यात बंद झाली, थ्रीडीएसची २०२४ च्या एप्रिलमध्ये. पण एका खोलीतलं खेळणं कंपनीच्या कुठल्याच सर्व्हरवर अवलंबून नाही, त्यामुळे ते बंद करायला कुणी येत नाही. म्हणूनच जुनं घेताना मला ऑनलाइनची हळहळ वाटली नाही.

आता निन्टेन्डोच्या नव्या मशीनबद्दल, म्हणजे स्विचबद्दल, थोडक्यात. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आला. जपानात तो दोन प्रकारचा निघाला, फक्त जपानी भाषेचा ४९,९८० येनला आणि सगळ्या भाषांचा ६९,९८० ला. आमच्याकडे स्वस्तातला, त्यामुळे मेनू सगळा जपानी आणि मी अजूनही सेटिंगमध्ये चाचपडते. त्यात गेमशेअर नावाची सोय आहे. खेळ स्विच २ वर, आणि शेजारच्या जुन्या स्विचवाल्याला तो विकत न घेता सोबत खेळता येतो. जांभळ्या पिनेच्या केबलचाच नातू म्हणायचा. पण सगळेच खेळ नाहीत, मोजकेच. त्यात ५१ खेळांचा तो संच आहे, २०२० सालचा, ज्यात लुडोही आहे आणि कॅरमसुद्धा. बोटाने स्ट्रायकर मारायची सवय असलेल्या सांगलीकराला बटणाचा कॅरम म्हणजे पाण्याशिवाय पोहणं. पार्थने दोन डाव खेळले आणि परत टेट्रिस मागितली. त्याच्याकडे सांगलीत स्विच लाइट आहे. इथून तिथे गेमशेअर होईल का, हे त्याने विचारलं. होत नाही, लांबून फक्त स्विच २ ते स्विच २. जुन्या स्विचला शेजारीच बसावं लागतं.

तर कुणी घेणार असेल तर माझं मत असं. दोघंच असाल तर कलर किंवा एसपी काहीही चालेल, टेट्रिसच्या दोन कॅसेट आणि कलरची केबल घ्या, पाच-सात वर्षांचं पोर आणि सत्तरीचे आजोबा एकाच पातळीवर येतात. चौघं असाल आणि वायरींची हौस नसेल तर सरळ डीएस आणि थ्रीडीएसच्या कुळातली मशीन घ्या, डीएसच्या खेळांना कुठलीही सरमिसळ चालते. अ‍ॅडव्हान्सच्या वाटेला जाणार असाल तर आधी मधल्या डबीची मूळ केबल हातात पडू दे, मगच मशीनला हात लावा. आणि दुकानात मशीन उलटं करून भोक बघा. विकणारा काहीही म्हणो.

पार्थला जाताना मी कलर, एक एसपी आणि टेट्रिसच्या दोन्ही कॅसेट दिल्या. त्याने सगळं मोज्यांमध्ये गुंडाळून बॅगेत नीट भरलं. तो पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ताईच्या फोनवरून मेसेज आला, “मावशी, केबल?” मी ड्रॉवर उघडला. होती तिथेच, रबर लावून. गणपतीला कोण सांगलीकडे जातंय, ते आता बघायचं आहे.